कार्डाची मागची बाजू

नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादच्या मिरची बाजारात व्हिजिटिंग कार्ड अजून जिवंत आहे. यूपीआय २०१६ मध्ये आले, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस २०१८ मध्ये आले, मालाचे फोटो सकाळी सकाळीच ग्रुपवर पडू लागले. तरी गुंटूरचा किंवा ब्याडगीचा माणूस पहिल्यांदा अडतीवर आला की आधी पाणी, मग चहा आणि चहा संपता संपता खिशातून कार्ड. ते हातात घ्यायचे, नाव मोठ्याने वाचायचे, गाव विचारायचे आणि त्या गावातला आपल्या ओळखीचा कोण हे सांगायचे. पुढचा सौदा होवो न होवो, एवढे झाल्याशिवाय माणूस उठत नाही.

हा व्यापार मुळातच दूरवरच्या ओळखींवर उभा आहे. धर्माबादला मिरची फक्त आसपासच्या शेतांतून येत नाही. तेलंगण, आंध्र, कर्नाटक अशा तिन्हीकडचा माल इथे उतरतो. देठ काढायला बायांच्या टोळ्या बसतात, कांडप होते, तिखट भरून पुढे जाते. गुंटूर सन्नम वेगळी, तेजा वेगळी, रंगासाठी घेतलेली ब्याडगी वेगळी. प्रत्येक जातीमागे एक मुलूख आणि त्या मुलखात एक दलाल, एक शीतगृहवाला, एक ट्रान्सपोर्टवाला, बारदान पुरवणारा एक जण. म्हणजे प्रत्येक पोत्यामागे चार-पाच कार्डे. ती वर्षानुवर्षे साचत जातात.

ज्यांच्याकडच्या संग्रहाविषयी हा लेख आहे, त्यांना मोंढ्यात सगळे अण्णा म्हणतात. आपले आणि फर्मचे नाव छापू नये, एवढीच त्यांची अट होती. आयुष्य अडतीत गेले, आता गादीवर पुढची पिढी बसते. कार्डे मात्र त्यांच्याच ताब्यात होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, जुन्या खतावण्यांच्या मध्ये, रबराने नाहीतर सुतळीने बांधलेले गठ्ठे. दुकानाची डागडुजी निघाली तेव्हा ते हलवायची वेळ आली आणि नांदेडला बी.कॉम. करून आलेली त्यांची पुतणी म्हणाली, काका, हे सगळे मोबाइलमध्ये घेऊन टाकू आणि कागद रद्दीत देऊ. पहिल्या वाक्याला अण्णांनी होकार दिला. दुसऱ्यावर ते काही बोलले नाहीत आणि नंतर जे झाले ते पाहता बरे झाले.

कार्ड वाचणारी अ‍ॅप काय करतात ते थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याने कार्डाचे चित्र घेतले जाते, चित्रातली अक्षरे ओळखली जातात आणि मग हे नाव, हा फोन, हा पत्ता असा अंदाज बांधून ती फोनच्या यादीत भरली जातात. इंग्रजीत, पांढऱ्या कागदावर, काळ्या शाईने छापलेल्या कार्डावर हे फार सुरेख चालते. धर्माबादच्या डब्यात असे कार्ड क्वचित सापडते. वर ‘श्री बालाजी प्रसन्न’, शेजारी बासरच्या ज्ञानसरस्वतीचे किंवा व्यंकटेश्वराचे चित्र, सोनेरी उठावाची अक्षरे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू, पत्ता इंग्रजीत आणि सगळ्यावर चकचकीत लॅमिनेशन. यंत्राने देवाच्या प्रभावळीतूनही अक्षरे काढली. एका कार्डावरची घोषवाक्याची ओळ त्याने मालकाचे नाव म्हणून नोंदवली.

देवनागरीची अडचण वेगळी आहे. शिरोरेषेने शब्दातली अक्षरे जोडलेली असतात, मात्रा वर-खाली लागतात, आणि लहान ठशात रफार व अनुस्वार एकमेकांत मिसळतात. तेलुगूची गोलाई तिसऱ्याच तऱ्हेची. टेसरॅक्ट नावाचे अक्षर ओळखणारे साधन १९८५ पासून ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत घडले, २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि आज ते मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळे वाचू शकते. पण कार्डावर कोणत्या लिप्या आहेत हे त्याला आधी सांगावे लागते. न सांगितल्यास ते तेलुगूत इंग्रजी शोधत बसते. सगळ्यात महाग पडणारी चूक आकड्यांची आहे. हाताने लिहिलेला मराठी एक आणि इंग्रजी नऊ हे दिसायला जवळजवळ सारखे. मोबाइल नंबरात एक आकडा असा फिरला की फोन भलत्याच घरी वाजतो. म्हणून पुतणीने नियम केला: नाव यंत्राने वाचले तरी चालेल, नंबर माणसानेच वाचायचा आणि दुसऱ्या माणसाने ताडून बघायचा.

कार्डे छापणाऱ्यांकडे मूळ फाइल मिळतील, मग वाचायची कटकट कशाला, असेही तिला सुचले होते. काही फाइल मिळाल्याही. पण त्या काळच्या डीटीपीत मराठी मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये बसवलेला असे. युनिकोडच्या आधीची ती व्यवस्था. पडद्यावर मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की अर्थहीन खुणांच्या ओळी दिसतात. त्यातून मजकूर सोडवता येतो, पण कार्डाचा फोटो वाचणे त्याहून सोपे पडते.

हे सगळे तांत्रिक. खरे काम सुरू झाले ते कार्ड उलटे केल्यावर.

अण्णांना, आणि त्यांच्या आधी गादीवर बसलेल्या त्यांच्या वडिलांना, कार्डाच्या मागे लिहायची सवय होती. पेन्सिलीने, बॉलपेनने, कधी नुसत्या खुणेने. कोण घेऊन आला, कोणत्या साली, माल कसा, पैसे कधी येतात. ‘देठ काढून देतो, वजन खरे.’ ‘बोलतो पंधरा दिवस, देतो महिन्याने, पण देतो.’ ‘थोरल्या भावाशीच बोलणे.’ एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या कार्डामागे फक्त ‘रात्री सुद्धा’ असे लिहिले आहे. अण्णांनी त्याचा अर्थ सांगितला: पावसाळ्यात ताडपत्री फाटून माल भिजायची वेळ आली होती, तेव्हा हा माणूस रात्री उठून दुसरी गाडी घेऊन आला होता. अ‍ॅपने त्या कार्डाची पुढची बाजू बिनचूक वाचली होती. नाव, नंबर, पत्ता सगळे बरोबर. आणि ज्या कारणाने ते कार्ड इतकी वर्षे जपले गेले ते कारण मात्र राहून गेले होते.

मला वाटते, कार्डे संगणकात घेणाऱ्या बहुतेकांची गफलत इथेच होते. आपण कार्डाला पत्त्याचा तुकडा समजतो. पत्ता तर आज इंटरनेटवरही मिळतो. मागे लिहिलेले कुठेच मिळत नाही. ती एका माणसाने दुसऱ्या माणसाविषयी व्यवहार करून, नफा-तोटा सोसून बनवलेली साक्ष असते. वहीत ती येत नाही. कीर्द आणि खतावणी रक्कम सांगतात, विश्वासाचा ताळेबंद या छोट्या पुठ्ठ्यांच्या पाठीवर मांडला जातो.

म्हणून कामाची पद्धत बदलली. आता प्रत्येक कार्डाचे दोन फोटो निघतात, मागची बाजू कोरी असली तरी. मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात एक क्रमांक टाकायचा आणि तोच दोन्ही फोटोंच्या फाइलच्या नावात ठेवायचा. फोटो दुपारच्या आधी, खिडकीपाशी, फ्लॅश बंद ठेवून घ्यायचे. सोनेरी अक्षरे असतील तर कार्ड थोडे तिरके धरायचे, म्हणजे चकाकी जाते. कुजून चिकटलेले रबर ओढायचे नाही, कडेने सोडवायचे. गंजलेली टाचणी काढून टाकायची. आणि काम सुरू करण्याआधी मऊ ब्रशने तिखट झाडायचे, कारण गोदामाच्या शेजारी ठेवलेल्या या डब्यांत इतक्या वर्षांची मिरचीची धूळ बसली आहे आणि नाका-तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय गठ्ठा सोडता येत नाही.

गठ्ठा सोडण्यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. पुतणीला कार्डे मराठी वर्णानुक्रमाने लावायची होती. अण्णा म्हणाले, लावलेलीच आहेत. त्यांची मांडणी रेल्वेमार्गाची होती. एका डब्यात उमरी, मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना असे मनमाडकडे जाणारे गठ्ठे. दुसऱ्यात बासर, निजामाबाद, कामारेड्डी, सिकंदराबाद. निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या या मार्गावरच धर्माबादचा व्यापार वाढला आणि वसुलीला निघालेला माणूस ज्या क्रमाने स्टेशनावर उतरत असे त्याच क्रमाने कार्डे बांधलेली होती. मार्गाबाहेरच्या गुंटूर, खम्मम, ब्याडगीसाठी तिसरा डबा. अभिलेखागारात काम करणारे मूळ मांडणी मोडू नका असे का बजावतात, ते इथे कळते. मांडणी हीसुद्धा माहिती असते. पुतणीने प्रत्येक गठ्ठा सुटण्याआधी त्याचा फोटो घेतला आणि तक्त्यात डबा व गठ्ठा असे दोन रकाने वाढवले. वर्णानुक्रम संगणक एका क्षणात लावतो, रेल्वेचा क्रम मात्र एकदा विस्कटला की पुन्हा लागणार नव्हता.

धर्माबादचे कार्ड वाचायचे म्हणजे सीमा वाचायची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हैदराबाद संस्थानातून आलेला नांदेड जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, पण पूर्ण नाही. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे, तसेच देगलूर तालुक्यातली बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. सोयरिकी, शेते आणि बाजार दोन्हीकडे पसरलेले राहिले. २ जून २०१४ रोजी पलीकडचे राज्य तेलंगण झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथे जिल्ह्यांची फेरमांडणी झाली आणि धर्माबादच्या पुढचेच स्टेशन असलेले बासर आदिलाबादमधून निर्मल जिल्ह्यात गेले. माणूस त्याच घरात, दुकान त्याच गल्लीत आणि तीन कार्डांवर तीन पत्ते.

त्यामुळे तारीख नसलेल्या कार्डाचा काळ ठरवणे हे इथले सर्वांत रंगणारे काम होऊन बसले. पिनकोड असेल तर कार्ड १९७२ नंतरचे, कारण तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या रचनेत महाराष्ट्राचा पहिला आकडा चार, आंध्र-तेलंगण-कर्नाटकाचा पाच. धर्माबादच्या डब्यात चार आणि पाच यांची सरमिसळ आहे. तारेचा सांकेतिक पत्ता छापला असेल तर कार्ड जुने. तारसेवाच जुलै २०१३ मध्ये बंद झाली. फोनपुढे ‘पी.पी.’ असेल तर नंबर शेजाऱ्याचा. हैदराबादचा एसटीडी कोड ०८४२ असेल तर कार्ड तो ०४० होण्याआधीचे; पुण्याचा ०२१२ तसाच, ०२० च्या आधीचा. ‘बॉम्बे’ आहे की ‘मुंबई’, ‘मद्रास’ आहे की ‘चेन्नई’, हे १९९५-९६ ची रेघ ओढून देते. एप्रिल २००५ नंतर महाराष्ट्रातल्या कार्डांवर व्हॅटचा टिन आला. तिखट बनवणाऱ्यांच्या कार्डांवर गेल्या पंधरा वर्षांत अन्नपरवान्याचे चौदा आकडे दिसू लागले. काही दुकानदार कार्डाच्या मागे वर्षाचे कॅलेंडर छापत. ते मिळाले की प्रश्नच मिटतो.

या सगळ्यांत सर्वांत उपयोगी खूण जीएसटीची निघाली. १ जुलै २०१७ पासून प्रत्येक नोंदणीकृत फर्मला पंधरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक आहे. त्यातले पहिले दोन राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगण ३६, आंध्र ३७. पुढचे दहा म्हणजे मालकाचा पॅन. एकाच माणसाची कार्डे वेगवेगळ्या स्पेलिंगने, वेगवेगळ्या भाषांत छापलेली असली, तरी मधले दहा जुळले की माणूस एकच. २७ ने सुरू होणारे एक कार्ड आणि ३६ ने सुरू होणारे दुसरे, मधले दहा तेच, म्हणजे एकाच मालकाचा सीमेच्या दोन्ही बाजूंना धंदा. वेगवेगळ्या डब्यांत पडलेली अशी कार्डे तक्त्यात शेजारी आली तेव्हा अण्णांनाही नवल वाटले. नावाची फर्म त्यांना ठाऊक होती, मालक एकच आहे हे नव्हते.

तक्ता करताना दोन गोष्टी पुतणीने पहिल्यापासून पाळल्या आणि त्या कुणीही उचलाव्यात अशा आहेत. एक, छापलेले आणि आजचे वेगळे ठेवायचे. जुना नंबर खोडून नवा लिहायचा नाही. ‘कार्डावर’ आणि ‘सध्या’ असे दोन रकाने. बंद पडलेला नंबर फोन लावायला निरुपयोगी असतो, पण कार्डाचा काळ तोच सांगतो. माणूस गेला असेल तर नोंद काढायची नाही, ‘आता नाहीत’ असे लिहून गादीवर कोण आहे ते पुढे लिहायचे. दुसरी, फोन आणि पिनचे रकाने आकडे म्हणून नव्हे तर मजकूर म्हणून ठेवायचे. नाहीतर एक्सेल पुढचे शून्य गाळते, नांदेडचा ०२४६२ हा कोड २४६२ होऊन बसतो आणि सलग लिहिलेले दोन मोबाइल नंबर गणितातल्या घातांकाच्या रूपात दिसू लागतात. फाइल युनिकोडमध्ये जतन झाली आहे ना, हे उघडून बघायचे. जुन्या फोनमधून यादी बाहेर काढली की देवनागरी नावांच्या जागी बरोबरच्या चिन्हांची आणि अक्षर-आकड्यांची लांब माळ येते. घाबरायचे कारण नाही, आत नावच असते. पण ते माहीत नसल्याने अनेकांनी अशा याद्या पुसून टाकल्या आहेत.

अ‍ॅपवर सगळा भार टाकू नये याचे एक उदाहरण आहे. कार्ड वाचण्यासाठी देशभर वापरले जाणारे कॅमकार्ड २४ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या त्रेचाळीस अ‍ॅपच्या यादीत होते. त्याच कंपनीचे कॅमस्कॅनर त्याआधी जूनमध्येच गेले होते. बंदीची कारणे देशाच्या सुरक्षेची होती आणि ती आपल्या जागी. दुकानदाराच्या दृष्टीने धडा सरळ आहे: संग्रह अ‍ॅपमध्ये नसावा, आपल्या फाइलमध्ये असावा. साधे फोटो, साधा तक्ता, एक प्रत दुकानाच्या संगणकात, एक पेन ड्राइव्हवर दुसऱ्या घरी.

इथे आणखी एक जबाबदारी येते आणि ती मला कायद्याहून जुनी वाटते. कार्ड देणाऱ्याने ते एका माणसाच्या हातात दिलेले असते. फुकट मिळणारी अ‍ॅप ते परक्या सर्व्हरवर चढवतात, कधी सगळी यादीच उचलतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात घरगुती वापराला सूट आहे, पण धंद्यासाठी ठेवलेली यादी घरगुती म्हणता येत नाही. पुढची बाजू तरी छापील आणि वाटण्यासाठीच असते. मागच्या बाजूवर दुसऱ्याच्या व्यवहाराविषयी, घरातल्या भांडणाविषयी, अडचणीच्या दिवसांविषयी लिहिलेले असते. अण्णांनी ते रकाने कुलूपबंद ठेवायला सांगितले आहेत. काही नोंदी त्यांनी पुतणीलाही वाचू दिल्या नाहीत. त्या कार्डांची पाकिटे वेगळी ठेवली आहेत. मला हे योग्य वाटते. सगळे जपायचे म्हणजे सगळे उघड करायचे असे नाही.

मग हे कशासाठी जपायचे? विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे मिळवत होते, तेव्हा त्यांत फक्त राजेरजवाड्यांची पत्रे नव्हती, देण्याघेण्याचे कागदही होते. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड येऊ लागले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्याच कागदांतून बाजारभाव, सावकारी, पेठा असे विषय काढले. लंडनमध्ये अ‍ॅम्ब्रोज हील या फर्निचरच्या व्यापाऱ्याने अठराव्या शतकातल्या दुकानदारांची हजारो कार्डे गोळा केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि कोणत्या गल्लीत कोण काय विकत होते हे त्यांवरून सांगता येते. मराठवाड्याच्या बाजारपेठांचा असा कागद कुणी मुद्दाम गोळा केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. इथे इतिहास म्हटला की मुक्तिसंग्राम आणि संतपरंपरा यांच्यावर लिहिले जाते, आणि ते लिहिलेच पाहिजे. पण मोंढ्यात कोण कुठून आले, कुणी कुणाला उभे केले, राज्यांच्या रेघा बदलल्या तरी व्यापार कसा चालू राहिला, हे सांगणारे कागद दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तिथल्या वाणिज्य किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी धर्माबाद, देगलूर, उदगीर अशा सीमेवरच्या बाजारांतली दहा-बारा दुकाने जरी घेतली, तरी मोठे काम होईल. खर्च फोनच्या कॅमेऱ्याचा आणि वेळेचा.

अण्णांकडचे काम अर्धे झाले आहे. तेलुगू कार्डांसाठी बासरकडून रोज येणारा एक मुनीम संध्याकाळी दुकान आवरल्यावर तासभर बसतो. तो वाचतो, पुतणी लिहिते. उर्दूचा गठ्ठा लहान आहे, पण अवघड आहे. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेली पिढी आता राहिलेली नाही आणि अण्णांच्या वडिलांनी मागे केलेल्या काही नोंदीही उर्दूतच आहेत. नांदेडच्या एका निवृत्त शिक्षकांनी फोटो पाठवायला सांगितले आहे. ज्यांची ओळख कुणालाच लागत नाही अशी कार्डे पुतणीने एका पारदर्शक पाकिटांच्या फाइलमध्ये लावून गादीच्या बाजूला ठेवली आहेत. जानेवारीत नवी मिरची सुरू झाली की गुंटूर, खम्मम, वरंगळकडची माणसे येतील, चहा होईल, आणि चहाबरोबर ती फाइल त्यांच्या पुढ्यात जाईल. दोन कार्डांचा पत्ता मागच्या हंगामात असाच लागला.